हवेतली गर्दी



या महिन्यात फ्रिजच्या दाराच्या रबराविषयी लिहायचे आम्ही मागच्या अंकात कबूल केले होते. ते पुढच्या महिन्यावर ढकलतो, माफी असावी. गेल्या दोन महिन्यांत जी पत्रे आली त्यांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा आहे : वायफायचे सगळे दांडे भरलेले दिसतात, बिल वेळेवर भरतो, दुपारी नेट झकास चालते आणि रात्री जेवणे झाली की अडकते. भिवंडीच्या एका भगिनीने लिहिले आहे की या एका गोष्टीवरून त्यांच्या घरी बाप-लेकात रोज वाद होतो आणि कंपनी बदलूनही काही फरक पडलेला नाही. त्यांना उत्तर लिहायला बसलो तेव्हा आठवले की हे उत्तर आम्ही स्वतः बरेच काही गमावून शिकलो आहोत. म्हणून आधी आमचीच फजिती सांगतो.

आम्ही मुंब्र्यात सात मजली इमारतीत राहतो. एका मजल्यावर सहा घरे. आमची थोरली एम.एस्सी. झाली आहे. रात्री नऊ ते साडेदहा ती कुवेतमधल्या तीन मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. तिथे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, मुले शाळेतून येऊन ताजीतवानी झालेली असतात. त्या शिकवणीच्या पैशातून तिच्या बी.एड.ची फी भरली जाते. म्हणजे आमच्या घरात नेट ही करमणुकीची गोष्ट राहिलेली नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर हा वर्ग तुटू लागला. मध्येच चित्र थिजायचे, आवाज फाटायचा, पलीकडून पोरे ओरडायची, "मिस, काही ऐकू येत नाही." आम्ही पहिला दोष धाकट्यावर ठेवला, कारण तो मोबाइलवर गेम खेळतो. त्याचा फोन नऊ वाजता काढून घेऊ लागलो. फरक शून्य. मग कंपनीला फोन केले. तिकडून सल्ला आला की मोठा प्लॅन घ्या. ५० एमबीपीएसचा प्लॅन होता तो १०० चा केला, महिन्याचा खर्च वाढला, वर्ग तसाच तुटत राहिला.

मग आमचा संशय गेला शेजारच्या घरावर. तिथे राहणाऱ्या खाला आमच्या मुलांना लहानपणापासून पाहत आल्या आहेत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यांच्या मुलाचे कॉलेज ऑनलाइन झाले तेव्हा आम्हीच आपण होऊन आमच्या वायफायचा पासवर्ड त्याला दिला होता. आता मनात आले, तोच रात्री सिनेमे उतरवत असणार. विचारायचे कसे, म्हणून विचारले नाही. एका संध्याकाळी गुपचूप पासवर्ड बदलून टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी खालांची दहावीतली मुलगी दारात आली. "अंकल, नेट बंद आहे का?" आम्ही म्हणालो, "कंपनीचा काहीतरी प्रॉब्लेम आहे, बेटा." मुलांच्या अम्मी आत स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी ते ऐकले आणि रात्रीपर्यंत आमच्याशी बोलल्या नाहीत.

आठवड्याभरात खालांकडे वायरमन आला. त्यांनी स्वतःचे कनेक्शन घेतले. आम्हाला वाटले, चला, प्रश्न मिटला. आणि त्याच रात्रीपासून आमचे नेट पूर्वीपेक्षाही वाईट झाले.

तेवढ्यात कुवेतहून एका मुलाच्या आईचा निरोप आला की अशा तुटक वर्गाने मुलाचे नुकसान होते आहे, त्या दुसरी शिक्षिका पाहत आहेत. थोरली काही बोलली नाही. वही बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिली.

कंपनीचा माणूस तिसऱ्यांदा आला तो रात्री साडेनऊला, कारण आम्ही हट्ट धरला होता की दुपारी येऊ नका, दुपारी सगळे ठीकच असते. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. त्याने पिशवीतून हातभर लांबीची लॅन केबल काढली, एक टोक राऊटरला, दुसरे थोरलीच्या लॅपटॉपला लावले आणि वायफाय बंद करून वेग मोजला. आकडा आला ९४. मग केबल काढली, त्याच जागी वायफायवर मोजला. आकडा आला ७. तो म्हणाला, "काका, लाइन ठीक आहे. तुमची हवा भरलीय."

पूर्ण तीन महिन्यांत कुणी सांगितलेले हे पहिले शहाणपणाचे वाक्य होते.

ते समजून घेण्यासाठी जरा मागे जावे लागेल, थेट हवाई बेटांवर. १९७१ साली होनोलुलूच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन नावाच्या प्राध्यापकांनी वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रे विद्यापीठातल्या संगणकाशी रेडिओने जोडण्याची योजना चालू केली. नाव ठेवले अलोहानेट. अलोहा म्हणजे तिकडचा सलाम. योजना अगदी साधी होती : ज्याला निरोप पाठवायचा त्याने सरळ पाठवावा. दोघांनी एकाच क्षणी पाठवला तर दोन्ही निरोप एकमेकांत मिसळून वाया जातात. मग दोघांनी थोडे थांबायचे, प्रत्येकाने आपल्या मनाने कमी-जास्त, आणि पुन्हा पाठवायचा. हिशेब केल्यावर निघाले की या पद्धतीत हवेची फार तर १८ टक्के क्षमता खरोखर कामी येते. बोलणारे वाढले की निरोपांपेक्षा टकरीच जास्त होतात.

आपल्या घरातले वायफाय हे त्याच घराण्यातले, थोडे जास्त अदबीचे. ते बोलण्याआधी ऐकते. हवेत दुसरे कुणी बोलत असेल तर थांबते, शांत झाले की आणखी क्षणभर थांबते, मग बोलते. टक्कर झालीच तर पुढच्या वेळी थांबण्याची मुदत दुप्पट करते. निकाहाच्या दावतीत एका दस्तरखानावर चार माणसे बसली तर ही पद्धत उत्तम चालते. एक बोलतो, तिघे ऐकतात. पण त्याच हॉलमध्ये चारशे माणसे असली की प्रत्येकाचा वेळ बोलण्यात कमी आणि थांबण्यात जास्त जातो. थोरलीच्या लॅपटॉपचे नेमके तेच होत होते. तो बिचारा बोलतच नव्हता, पाळीची वाट पाहत होता.

इथे एक गोष्ट मनात पक्की बसली पाहिजे, कारण आम्हीही इथेच चुकत होतो. तार आपली एकट्याची असते, हवा नाही. एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते आणि त्या 'एका'मध्ये आपल्या घरातली यंत्रे मोजायची तशीच भिंतीपलीकडची, वरच्या मजल्यावरची आणि जिन्यासमोरचीही मोजायची. त्यांच्याकडे आपला पासवर्ड असो वा नसो. पासवर्ड आपल्या राऊटरला कुलूप लावतो, हवेला लावत नाही. म्हणून पासवर्ड बदलून आम्ही काहीच मिळवले नव्हते. उलट, आधी जे घर आमच्या राऊटरवरून अधूनमधून बोलत होते त्याला आम्ही स्वतःचा वेगळा राऊटर लावायला भाग पाडले. हवेत आणखी एक बोलणारा वाढवला, तोही आमच्याच भिंतीला पाठ लावून.

राऊटर गप्प कधी बसत नाही, हेही आम्हाला तेव्हाच कळले. कुणी वापरत नसले तरी तो सेकंदाला साधारण दहा वेळा आपले नाव पुकारत असतो, बाजारातल्या फेरीवाल्यासारखा. मोबाइलमध्ये आपल्याला नावांची यादी दिसते ती या पुकाऱ्यामुळेच. जुन्या यंत्रांनाही ऐकू जावे म्हणून हा पुकारा बहुधा सर्वांत संथ वेगाने केला जातो. अशी एक हाक सुमारे ३०० बाइटची आणि वेग १ एमबीपीएस धरला तर एका हाकेला २.४ मिलिसेकंद लागतात. एकाच चॅनेलवर बारा राऊटर असतील तर सेकंदाला १२० हाका, म्हणजे २८८ मिलिसेकंद. सेकंदाचा पाव भागाहून जास्त वेळ केवळ "मी अमुक, मी तमुक" यातच संपतो, कुणी एक अक्षरही वाचण्यापूर्वी. आपल्या राऊटरवर पाहुण्यांसाठी वेगळे 'गेस्ट' नाव चालू असेल तर तो दोन नावांनी ओरडतो. पाहुणे नसतील तेव्हा ते बंद ठेवावे.

त्या मुलाने आमच्या अँड्रॉइड फोनवर वायफाय अॅनालायझर नावाचे मोफत ॲप उतरवून दिले. (आयफोनवर ॲपलच्याच एअरपोर्ट युटिलिटीमध्ये वायफाय स्कॅनरची सोय आहे, ती आधी फोनच्या सेटिंगमधून चालू करावी लागते.) ॲप उघडले आणि पडद्यावर रंगीत घुमटच घुमट दिसले, एकावर एक चढलेले. प्रत्येक घुमट म्हणजे एक वायफाय. आम्ही मोजले, आमच्या हॉलमध्ये उभे राहून ३४ ऐकू येत होते. आमचे ६ नंबरच्या चॅनेलवर होते आणि तिथेच आणखी अकरा होते. सर्वांत उंच घुमट आमचा आणि त्याला लागून जवळजवळ तेवढाच उंच, पण दुप्पट रुंद असा एक दुसरा. नाव वाचले. खालांच्या मुलाचे नाव होते.

आता या चॅनेलांविषयी. जुन्या आणि स्वस्त राऊटरचा पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. आपल्या देशात २००५ साली हा पट्टा परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला. त्यात १ ते १३ असे चॅनेल आखलेले आहेत, पण ते तेरा वेगळे रस्ते नाहीत. दोन चॅनेलांमधले अंतर ५ मेगाहर्ट्झ आणि वायफायला बोलायला जागा लागते २० मेगाहर्ट्झ. एका माणसाला चार खुर्च्या लागाव्यात तसे. त्यामुळे एकमेकांना धक्का न लावता बसू शकतात ते तिघेच : १, ६ आणि ११. पुष्कळ लोक ॲपमध्ये ६ वर गर्दी पाहतात, ३ वा ८ रिकामा दिसतो आणि तिथे जाऊन बसतात. त्याने स्वतःचेही नुकसान होते आणि दोन्ही बाजूच्यांचेही. एकाच चॅनेलवरची यंत्रे एकमेकांचे बोलणे ओळखतात आणि पाळी लावतात, अर्धवट अंगावर आलेले बोलणे मात्र त्यांना नुसता गोंगाट वाटते. गर्दीच्या ११ वर पाळीने बसणे हे रिकाम्या दिसणाऱ्या ९ वर बसण्यापेक्षा बरे.

खालांचा राऊटर ३ वर होता आणि वरून त्याची रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवलेली. कंपनीचे लोक वेगाचा आकडा चांगला दिसावा म्हणून कधी कधी असे करून जातात. ३ वर बसून तो १ पासून ९ पर्यंत पसरला होता. आमचा ६ त्याच्या पोटात होता. दोन्ही राऊटर एकाच चार इंची भिंतीच्या दोन बाजूंना, खिळ्याला खिळा लागेल असे.

रात्री अकराला ते पोरगे गेले. आम्ही राऊटरच्या मागच्या चिठ्ठीवरचा पत्ता (बहुतेकांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो) लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाकून आत शिरलो. चिठ्ठीवरच नाव आणि पासवर्ड असतो. तिथे एक यादी असते : कोणकोणती यंत्रे या राऊटरला जोडलेली आहेत. किती सोपी गोष्ट. पासवर्ड बदलण्याआधी एकदा जरी रात्री नऊ वाजता ही यादी उघडून पाहिली असती तर दिसले असते की तेव्हा त्यात आमच्याशिवाय कुणीच नसते. खालांचा मुलगा केव्हापासून रात्रपाळीला आहे. सातलाच घर सोडतो. मुलगी वापरायची ती दुपारी, अभ्यासासाठी. हे आम्हाला माहीत होते, आम्ही त्याला जिन्यात रोज भेटत होतो. संशय आला की माणसाला डोळ्यांसमोरचे दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी असरनंतर आम्ही आणि मुलांच्या अम्मी खालांकडे गेलो. चहा आला. आम्ही सगळे सांगितले, कंपनीचा प्रॉब्लेम नव्हता हेही. खाला बराच वेळ कपाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "भाईसाब, मागितला असता तर पासवर्ड परत दिला असता. पोरीला वाटलं तिच्या हातून काही झालं." याला आमच्याकडे उत्तर नव्हते. मुलीला हाक मारली आणि तिच्यासमोर पुन्हा सांगितले.

मग आम्ही त्यांच्या राऊटरमध्ये, त्यांच्या परवानगीने, दोन बदल केले : रुंदी ४० ची २० केली आणि चॅनेल १ केला. आमचा २.४ आम्ही ११ वर नेला, रुंदी २०. त्यांचा राऊटर त्याच भिंतीवर राहिला, आमचा आम्ही उचलून समोरच्या भिंतीवर, थोरली बसते त्या खोलीच्या दाराशी आणला. चार मीटर वायर लागली, तीही त्या कंपनीच्या मुलाने रविवारी येऊन ओढून दिली.

खरा फरक मात्र पडला तो पाच गिगाहर्ट्झमुळे. आमचा राऊटर 'ड्युअल बँड' होता, म्हणजे दोन्ही पट्ट्यांवर बोलू शकणारा, आणि हे आम्हाला ठाऊकच नव्हते. खोक्यावर लिहिलेले होते, खोका माळ्यावर होता. २०१८ च्या ऑक्टोबरपासून आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ६०५ मेगाहर्ट्झ जागा परवान्याशिवाय मोकळी झाली आहे. २.४ मध्ये सगळी मिळून ८३.५ आहे, त्यावरून अंदाज करा. तिथे चॅनेल ३६, ४०, ४४, ४८ किंवा १४९ पासून पुढचे निवडावेत. लोक तक्रार करतात की ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे जात नाही. गजबजलेल्या इमारतीत हीच त्याची खुबी आहे. आपले बोलणे शेजारी कमी जाते, शेजाऱ्यांचे आपल्याकडे कमी येते. दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे दिली की कोणते यंत्र कुठे जोडायचे ते आपल्या हातात राहते. थोरलीचा लॅपटॉप आणि आमचे फोन ५ वर गेले. जुना प्रिंटर आणि दादींचा जुना फोन २.४ वरच राहिले, त्यांना ५ कळतच नाही.

दादींच्या फोनवरून आठवले. मागच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या आडोशाला बसून त्या बयान ऐकतात. सिग्नल कमजोर असला की यंत्र हळू बोलते. जवळचा फोन ७२ एमबीपीएसने बोलत असेल आणि लांबचा ६ ने, तर तेवढ्याच मजकुराला लांबचा बारापट वेळ हवा अडवून धरतो आणि बाकीचे सगळे थांबून राहतात. दादींना गप्प करणे आमच्या हिमतीबाहेरचे. म्हणून त्यांची खुर्ची कपाटाच्या अलीकडे घेतली. त्यांनाही स्पष्ट ऐकू येऊ लागले. त्या म्हणतात, आता कान बरे झालेत.

टीव्हीला मात्र सरळ तार दिली. जे यंत्र जागचे हलत नाही त्याला हवा कशाला? लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, आमच्या हॉलला सात मीटर पुरली. संध्याकाळभर व्हिडिओ ओढणारा एवढा मोठा बोलका हवेतून उठून तारेवर गेला की बाकीच्यांना आपोआप श्वास मिळतो.

पत्रांतून विचारलेल्या दोन उपायांपासून मात्र सावध राहा. एक म्हणजे दुकानात मिळणारा स्वस्त रिपीटर. सिग्नल लांबवर पोहोचत नसेल तर तो उपयोगी, पण गर्दीवर तो औषध नाही. तो प्रत्येक निरोप ऐकून त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, म्हणजे एका बोलण्याला दोनदा हवा लागते. दुसरा म्हणजे जास्त दांड्यांचा, 'ताकदवान' राऊटर. दावतीत आपण आवाज चढवला की शेजारच्या दस्तरखानावरचेही चढवतात. शिवाय तुमचा राऊटर कितीही मोठ्याने बोलला तरी त्याला उत्तर देणारा फोन तेवढ्याच बारीक आवाजात बोलतो. फोनमधले भरलेले दांडे आवाजाचा जोर सांगतात, हवा मोकळी आहे की नाही ते सांगत नाहीत. आमच्याही घरी तीन महिने ते भरलेलेच होते.

आपल्या घरी दोष हवेचा आहे की तारेचा, हे कसे ओळखायचे? वेळ पाहा. फजरनंतर नेट वाऱ्यासारखे आणि इशानंतर, इमारतभर माणसे घरी आली की गोगलगाय, तर संशय गर्दीचा. पण गर्दी दोन ठिकाणी असू शकते : आपल्या हवेत किंवा कंपनीच्या लाइनवर. म्हणून त्या गर्दीच्याच वेळी, राऊटरला लॅपटॉप तारेने जोडून वेग मोजायचा आणि मग तार काढून तिथेच वायफायवर मोजायचा. तारेवरही आकडा पडलेला असेल तर कंपनीला खुशाल धारेवर धरा, चूक तिकडची आहे. तारेवर पूर्ण आणि वायफायवर कमी असेल तर कंपनी बदलून पैसे घालवू नका. लॅपटॉप नसेल तर फोनवर पिंगचे एखादे मोफत ॲप घेऊन राऊटरच्याच पत्त्यावर पिंग करून पाहावे. हा निरोप घराबाहेर जातच नाही, राऊटरपर्यंत जाऊन परत येतो. मोकळ्या हवेत तो चार-पाच मिलिसेकंदांत परततो. आमच्याकडे त्या रात्री दोनशे-तीनशे लागत होते, कधी येतच नव्हता. समोर हातभर अंतरावर राऊटर आणि त्याला गाठायला पाव सेकंद!

आणि हो, मायक्रोवेव्ह. तो २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे त्याच पट्ट्यात. तो पाळी वगैरे पाळत नाही. ठरावीक कामाच्या वेळीच नेट जात असेल तर एकदा मायक्रोवेव्ह बंद ठेवून पाहा. एका वाचकाने रमजानमध्ये नेमके इफ्तारच्या आधी नेट जाते असे लिहिले होते. त्यांना आमचा प्रश्न आहे, समोसे कशात गरम करता?

चॅनेल एकदा बदलला की कायमचे काम झाले, असे नाही. पुष्कळ राऊटर 'ऑटो'वर असले तरी चालू होताना एकदाच जागा शोधतात आणि मग महिनोन्‌महिने तिथेच बसतात. इमारतीत नवे कनेक्शन आले की नकाशा बदलतो. आणि हवेसाठी कुठे दादही मागता येत नाही. परवान्याशिवायच्या पट्ट्याचा नियमच असा आहे की तो सर्वांनी वाटून वापरायचा आणि दुसऱ्याचा अडथळा झाला तर संरक्षण मागायचे नाही. पोलीस नाही, पावती नाही. आहेत ते शेजारी. आमच्या मजल्यावरच्या सहाही घरांत आम्ही आणि खालांचा मुलगा मिळून रविवारी फिरलो. चार घरांनी राऊटर उघडून दाखवला. त्यांना एकाआड एक १, ६, ११ असे चॅनेल वाटून दिले, रुंदी सगळीकडे २० केली. उरलेल्या एका घरातल्या भाईंनी सांगितले की आमचे चांगले चालले आहे, हात लावू नका. ठीक आहे. वरच्या मजल्यांवर अजून गेलेलो नाही.

आम्ही पासवर्ड वाटण्याचा सल्ला देत आहोत असे कुणी समजू नये. कनेक्शन ज्याच्या नावावर, उद्या काही विचारणा झाली तर तीही त्याच्याकडेच. कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही हे ज्याने त्याने ठरवावे. नाही द्यायचा तर तोंडावर सांगावे.

थोरलीचा वर्ग आता साडेदहापर्यंत अखंड चालतो. तीनपैकी दोन मुले आहेत. तिसऱ्याच्या आईने तोवर दुसरी शिक्षिका ठरवली होती, ती जागा अजून रिकामी आहे. खालांची मुलगी आठवड्यातून दोनदा गणिताला आमच्याकडे येते, तिच्याकडून थोरली पैसे घेत नाही.

भिवंडीच्या भगिनींनी रात्री साडेनऊ वाजता तारेवरचा आणि वायफायवरचा असे दोन आकडे कागदावर लिहून पाठवावेत. सोबत राऊटर घरातल्या कोणत्या भिंतीवर आहे आणि त्या भिंतीपलीकडे काय आहे तेही लिहावे. पुढच्या अंकात फ्रिजचे रबर, इन्शाअल्लाह.